पोळ्याच्या आत बघणे

फाल्गुनात माझा जुना मित्र गेला. तेरवीच्या दिवशी वहिनींनी त्याची एक वही माझ्या हातात ठेवली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतली पोरं वापरतात तशी. मी ती वर्ध्याला आणून कपाटात ठेवून दिली. उघडायचं धाडस झालं ते थेट आषाढात, एका रात्री पाऊस लागून राहिला होता तेव्हा. पानोपानी तारखा, गावं, पाण्याची पातळी, पाखरांचे आकडे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मथळा होता, ‘पोळ्याच्या आत बघणे’. त्याखाली चार ओळी. पहिल्या दोन सारसाच्या घरट्यांच्या जागा. तिसरी, नवेगावकडचा एक तलाव. चौथ्या ओळीत फक्त दोन शब्द होते, ‘बाईचे धान’.

दुखणं अंगावर असताना पुढच्या पावसाळ्यासाठी लिहून ठेवलेलं हे पान. वाचून झालं आणि मी तिकीट काढलं.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गटाचा फोटो निघायचा तेव्हा तो कायम मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. पंचक्रोशीत त्याला सगळे ‘सारसवाले गुरुजी’च म्हणत. घरट्यांच्या गावांची नावंही लिहीत नाही. घरट्याची जागा चारचौघांत सांगायची नाही, हा त्याचा नियम होता आणि तो मला पटलेला आहे.

पहिला दिवस

विदर्भ एक्सप्रेसने निघालो. तुमसर रोड सुटलं की वैनगंगेचा पूल येतो. नदी दुथडी, गढूळ, काठचे पळस गुडघाभर पाण्यात. कपाशी-तूर केव्हाच मागे पडलेली, दोन्ही अंगांना बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, धुऱ्यांनी आखलेली, पाण्याने भरलेली. रोवणी आटोपली होती. पऱ्ह्यांनी मूळ धरलं की धानाला जो एक पोपटी रंग येतो, तो तिरोड्यापासून गोंदियापर्यंत डोळ्यांसमोर होता.

१९८९ साली भंडाऱ्याला आम्ही दोघे डी.एड.ला एका खोलीत राहायचो. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला, मी वर्धेकडे आलो. पत्रं, मग फोन, मग वर्षातून एक चक्कर. पाखरांचं वेड त्याला लहानपणापासून होतं असं नाही. एक पोरगा आठवडाभर शाळेत आला नाही म्हणून हा त्याच्या घरी गेला. बाप म्हणाला, बांधीत मोठाले पक्षी उतरतात, धान तुडवतात, पोरगा राखण करतो. हा बघायला गेला. धुऱ्यावरून त्याला दिसली जवळपास माणसाएवढी उंच दोन पाखरं, राखाडी अंग, लालबुंद मान. पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला आणि गुरुजी रोज संध्याकाळी बांधीवर जाऊ लागले. इथून ते सुरू झालं.

वहिनींनी कोचईच्या पानांच्या वड्या केल्या होत्या. जेवताना फारसं बोलणं झालं नाही. भिंतीवर त्याची दुर्बीण खिळ्याला टांगलेली, पट्टा मानेच्या घामाने काळा पडलेला. धाकट्या मुलाने मोटारसायकलची किल्ली माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, “काका, पेट्रोल भरून ठेवलं आहे. बाबांच्या रस्त्यानं तिलाच जाऊ द्या, तिला माहीत आहे.”

दुसरा दिवस

पहाटे पाचला निघालो. सोबत त्याच्या सारसमित्रांपैकी एक शेतकरी होता, साठीचा, डोक्याला गमछा.

पहिली जागा रिकामी होती. दुर्बिणीने सगळी बांधी धुंडाळली. दोन गायबगळे आणि एक ढोकरी, बस. शेतकरी धुऱ्यावर उकिडवा बसला. “आषाढात जोडी आली होती जी. चार दिवस नाचली, मंग गेली.” मी विचारलं, का? त्याने बोटाने पलीकडे दाखवलं. तिथे बोडी होती, औंदा उन्हाळ्यात ती बुजवून कोणीतरी बांधी केली. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. ती आटली तरी तिच्या पोटात चिखल राहतो, चिखलात कंद असतात, गोगलगायी असतात, बेडूक असतात. सारस बांधीत घरटं करतो खरा, पण त्याचं पोट बोडीवर भरतं. वहीत या जागेपुढे गेल्या अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. त्यातल्या नऊ वर्षी घरटं झालेलं. मी पेन काढला, तारीख घातली, ‘घरटे नाही, बोडी बुजली’ एवढं लिहिलं. लिहिताना हात जड झाला.

दुसरी जागा तिथून वीसेक किलोमीटर. पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. पळसाखाली गाडी लावून शंभर-सव्वाशे पावलं अलीकडेच थांबलो. त्यापुढे तो कुणालाच जाऊ द्यायचा नाही, वनखात्याच्या साहेबालाही नाही. बांधीच्या मधोमध तणसाचा आणि गवताचा एक ढीग, बैलगाडीच्या चाकाएवढा. भोवती गोल पाणी, कारण तिथलंच गवत आणि धान उपटून त्यांनी तो ढीग रचलेला असतो. ढिगावर मादी बसलेली. नर थोडा दूर.

पाऊस वाढला तसं बांधीतलं पाणी चढू लागलं. मग मी जे पाहिलं ते त्याने मला फोनवर कितीदा तरी सांगितलं होतं, स्वतः बघायचा योग आजच आला. मादी उठली. खाली दोन अंडी, मळक्या पांढऱ्या रंगाची. तिने मान वाकवून चोचीने एक अंडं हलकंच फिरवलं, मग दुसरं. मग दोघांनी मिळून भोवतीचं गवत उपटून ढिगाच्या कडेला टाकायला सुरुवात केली. एक काडी, दुसरी काडी, मुळासकट एक धानाचं चूड. टाकायचं, चोचीने दाबायचं, पुन्हा वाकायचं. पाणी जसं चढत होतं तसं घरटं वर येत होतं. अर्धा तास हे चाललं. पावसाचं पाणी त्यांच्या पाठीवरून निथळत होतं आणि त्या दोघांना कसलीही घाई नव्हती.

पाऊस उघडला तेव्हा नराने मान वर केली, पंख पाठीवर उचलले आणि दोघं ओरडली. रणशिंगासारखा आवाज, दोन-अडीच किलोमीटरवर ऐकू जाणारा. “नराची एक लांब हाक, तिच्यावर मादीच्या दोन तोकड्या. डोळे मिटून ऐक, मग सांग कोण कुठला,” असं तो म्हणायचा. मी डोळे मिटले. एक लांब, दोन तोकड्या. बरोबर कळलं.

अंडी उबवायला महिना लागतो. पिल्लू उडायला त्यापुढे आणखी तीन महिने. म्हणजे धान कापणीला येतं तेव्हाही पिल्लू जमिनीवरच असतं. म्हणून हा पक्षी जंगलखात्याच्या हद्दीत वाचवता येत नाही, तो शेतकऱ्याच्या बांधीतच वाचतो किंवा मरतो. तुडतुडे आले, गादमाशी आली की शेतकरी औषध फवारणार. त्याचं वर्षाचं पोट त्यावर आहे. गुरुजी त्याला फवारू नको असं कधी म्हणाला नाही. घरट्याभोवतीचा तुकडा तेवढा सोड, असं म्हणायचा. आणि त्या तुकड्याचं जेवढं धान बुडेल, तेवढं स्वतःच्या ढोलीतून, धानाच्या साठ्यातून, मोजून द्यायचा. दोन कुडो, कधी तीन. कुडो म्हणजे धान मोजायचं माप. पगारातून पैसे देणं त्याला सोपं होतं. पण धानाचं नुकसान धानानेच फेडायचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे शेतकऱ्याला ते भीक वाटलं नाही, बक्षीसही वाटलं नाही.

सोबतचा शेतकरी म्हणाला, “पहिल्या साली मी त्यायला हाकलून लावलो होतो. म्हणालो, गुरुजी, तुम्ही पोट्टे शिकवा, आमाले शेती नोका शिकवू. ते काही बोललेच नाई. दुसऱ्या दिवशी माझ्याच निंदणाले येऊन उभे राह्यले.”

परतताना परसवाड्याच्या तलावावरून आलो. उन्हाळ्यात इथे आणि झिलमिलीला सारस जमतात, तेव्हा गणना होते. महाराष्ट्रातले सारस म्हणजे जवळपास हेच, गोंदियाचे. वैनगंगा आणि वाघ नदीच्या पल्याड बालाघाटात त्यांचे भाऊबंद. अलीकडच्या गणनांत गोंदियाचा आकडा चाळिशीच्या आत आला आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत उंचीने जगात सगळ्यात मोठा, आणि एका जिल्ह्यात तो एका एस.टी.त मावेल एवढाच उरलाय. वहीत २०२१ सालचं एक कात्रण चिकटवलेलं आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत संवर्धन समित्या झाल्या. विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या सारसांचा प्रश्नही तिथेच नीट मांडला गेला. कात्रणाखाली त्याने लिहिलंय, ‘तारा जमिनीखाली जातील तेव्हा जातील. तोवर ओढ्याकाठच्या खांबांची यादी करणे.’ आणि पुढच्या तीन पानांवर ती यादी आहे, खांबांच्या क्रमांकांसह.

तिसरा दिवस

गोरेगाव, सडक अर्जुनी, कोहमारा करत दक्षिणेला. कोहमाऱ्यानंतर जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं. नवेगाव बांधला तलावाच्या पाळीवर दहा मिनिटं थांबलो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने हा तलाव बांधला असं सांगतात. भोवती सात बहिणींचे डोंगर, आणि त्यांतल्या एकावर हाच कोलू पाटील कोलासूर देव होऊन बसला आहे. पाणी अडवणाऱ्या माणसाला देव करणारा हा मुलूख आहे. आम्ही डी.एड.ला असताना पहिल्यांदा इथे आलो होतो, सायकलींवर, दोन दिवस लागले होते.

वहीतला तलाव नवेगाव बांधपासून पुढे, आडवाटेला. मामा तलाव. बाहेरच्या माणसाला वाटतं कुणा मामाने बांधला. मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो आहेत. उतारावर एकाखाली एक, वरच्याचा सांडवा खालच्याच्या पोटात. हे बांधले कोहळी समाजाने, राखले गावांनी. गाळ कधी काढायचा, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कधी उघडायचं, कोणत्या बांधीला आधी पाणी, सगळं ठरलेलं असायचं. हा भाग मध्य प्रदेशात होता तेव्हा १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, त्यात वेठ होती. पण तलावाची देखभालही त्याच दिवशी पोरकी झाली. गाळ साचत गेला, बेशरम माजली. हे गुलाबी फुलांचं झुडूप एकदा तलावात शिरलं की कमळ, देवधान, सगळं मारतं. कंद गेले की बदकं येत नाहीत, पाणवनस्पती गेली की मासा अंडी कुठे घालणार? मग बाहेरून रोहू-कतल्याचं बी आणून सोडायचं. डाडक, शिंगी, मरळ ही इथली मासळी जाळ्यात येईनाशी झाली.

पाळीवर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या आठ-दहा बाया वाट बघत होत्या. वहिनींनी निरोप पोचवला होता. त्यांतली सगळ्यात थोरली मला सरळ पाण्याकडे घेऊन गेली. “गुरुजी आले तवा इथं पाय ठेवाले जागा नोती. नुसती बेशरम.” चार उन्हाळे त्यांनी ती मुळासकट उपटली. नुसती तोडली तर पुन्हा फुटते, काडी चिखलात पडली तरी रुजते. म्हणून उपटायची, पाळीवर नेऊन वाळवायची, जाळायची. मग कोरड्या पोटात नांगर घातला, दुसऱ्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. भंडारा जिल्ह्यात आणि अर्जुनी मोरगावकडे काही मंडळींनी ढिवरांकडूनच ही माहिती गोळा करून असं काम आधी केलेलं होतं. गुरुजी ते बघून आला आणि या बायांना घेऊन गेला, दाखवायला. त्याने स्वतः शिकवलं नाही. “गुरुजीले कोणतं गवत कोणत्या मासोळीचं, काईच मालूम नोतं. आमीच सांगलं. ते लिहत,” थोरली म्हणाली.

वहीत ते आहे. बायांनी सांगितलेली बावीस वनस्पतींची नावं, प्रत्येकीपुढे कोणता मासा, कोणतं पाखरू, कोणत्या महिन्यात. सांगणारीचं नावही पुढे लिहिलेलं.

काठावर देवधान कमरेएवढं वाढलं होतं. थोरलीने पाण्यात हात घातला, पाणवनस्पतीचा एक लांब तंतू वर काढला आणि तळहातावर पसरला. तंतूला चिकटलेले बारीक मोत्यासारखे दाणे. “अंडे,” ती म्हणाली, आणि तळहात तसाच पाण्यात नेऊन तंतू अलगद सोडून दिला. मग आम्ही पाळीवर बसून भात आणि झिंग्यांची चटणी खाल्ली. मी वहीत तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं, ‘देवधान आहे. अंडी आहेत.’

घरी पोचेपर्यंत अंधार झाला. गावात बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकणं चाललं होतं. दारोदार तेच शब्द, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

चौथा दिवस, पोळा

सकाळ बैल धुण्यात गेली. गुरुजीची बैलजोडी केव्हाच विकलेली. शेजाऱ्याची जोडी त्याच्या दारात येते आणि वहिनी तिला ओवाळतात. तोरणाखाली गाव गोळा झालं. एका जोडीचा कासरा धरून उभा असलेला तिशीतला माणूस माझ्याकडे आला आणि पायाचा घोटा दाखवू लागला. घोट्यावर डाग.

तो नववीत होता. रोवणीत साप चावला. घरचे मांत्रिकाकडे न्यायला निघाले होते. गुरुजी गाडी घेऊन आडवा आला, पोराला मागे बांधल्यासारखं धरून बसवायला एक माणूस घेतला आणि गोंदियाला सरकारी दवाखान्यात पोचवला. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारांवर एकच औषध चालतं आणि ते दवाखान्यातच मिळतं, हे त्यानंतर त्याने शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं. पुढची वीस वर्षं रात्री-बेरात्री त्याच गाडीवरून किती जण गेले, याचा हिशेब मात्र वहीत नाही. पाखरांचा आहे, माणसांचा नाही. मी दोनदा शोधला.

झडत्या, पोळ्यात म्हणायची यमकं, सुरू झाल्या. एका घराची झाली, दुसऱ्याची झाली. मग हाच कासरेवाला पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला,

बोडी भरली, तरा भरला, बांधीत उभा सारस,
गुरुजी गेले गावातून, पाखराले कोन वारस?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

‘महादेव’ म्हणताना सगळ्यांचा आवाज एकदम उठतो, तसा तो उठला. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मला माझा आवाज सापडला नाही.

रात्री पुरणपोळीची पानं उठल्यावर मी वही उघडून वहिनींपुढे धरली. चौथी ओळ. “वहिनी, ही बाई कोण?”

त्यांनी ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. “अगं बाई. राहूनच गेलं.” गेल्या पावसाळ्यात एका विधवा बाईच्या बांधीत घरटं झालं होतं. दोन एकराची धनीण. तिने तुकडा सोडला, दोन पिल्लं उडाली. कापणीनंतर दोन कुडो द्यायचं ठरलं होतं. तेव्हाच याचं दुखणं निघालं, नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. “भाऊजी, शेवटच्या दिवसांत ते ‘धान, धान’ म्हणत. आम्हाला वाटलं, तापात बोलतात.”

पाचवा दिवस

तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन रस्त्यावर, पहाटेच मारबतीच्या आरोळ्या होऊन गेलेल्या. वहिनींनी ढोली उघडली आणि कुडो भरून पोत्यात ओतला, दोनदा. मग आणखी दोन ओंजळी घातल्या. पोतं गाडीला बांधून मी आणि धाकटा निघालो.

बाई अंगणात शेणसडा टाकत होती. पोतं बघून काही विचारलं नाही. मुलाचा चेहरा बापावर गेलाय. आत जाऊन स्वतःचा कुडो घेऊन आली, फडकं अंथरलं आणि मोजायला बसली. एक झाला. दुसरा भरला तेव्हा तळहात फिरवून वरचं सपाट केलं. पोत्याच्या तळाशी ओंजळ-दोन ओंजळ धान उरलं होतं. तिने पोत्याचं तोंड वळून ते धाकट्याच्या हातात दिलं.

“गुरुजी दोन कुडो बोलले होते,” ती म्हणाली. “औंदाबी आलेत जी ते. मागच्या बांधीत हायेत. पाह्यता?”